साडभाऊंची टर्बो

आमच्या साडभाऊंच्या मते या जगात बिघडलेली वस्तू एकही नाही. लोक जिला बिघडलेली म्हणतात ती फक्त आजारी असते, आणि तिला आजारी पाडणारे आपणच असतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीभर ते गुरांचे डॉक्टर होते. सावली, सिंदेवाही, नागभीड असं फिरत फिरत शेवटी मूलला निवृत्त झाले आणि तिथेच घर बांधून राहिले. निवृत्तीनंतर गुरं कमी झाली, पण रोगी कमी झाले नाहीत. गल्लीत कोणाचा कूलर खडखडला, मिक्सर तापला, पंपाने पाणी ओढणं सोडलं, की साडभाऊ गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून हजर. घरच्या फ्रीजच्या पाठीवरून हात फिरवून "हिचं पोट फुगलं" असं निदान करताना मी त्यांना पाहिलं आहे. मी चंद्रपूरहून स्कूटरने त्यांच्याकडे गेलो, की पाण्याचा गडवा माझ्या हातात यायच्या आत ते स्कूटरपाशी उकिडवे बसलेले असत. "तुमी बसा, साडभाऊ," ते मला म्हणत, कारण आम्ही दोघंही एकमेकांना साडभाऊच म्हणतो. "तुमी काई दमले नाई. दमली ते हे आहे."

माणसांना मात्र त्यांच्याकडून फारशी आशा नव्हती. एकदा त्यांच्याच घरी मला सणकून ताप भरला. साडभाऊ खाटेपाशी आले, माझी पापणी ओढून पाहिली, कानाचं टोक चिमटीत धरून पाहिलं, आणि मग माझ्याकडे ढुंकूनही न बघता माझ्या बायकोला विचारलं, "चारा-पाणी घेऊन राह्यले काय?" त्यांच्या रोग्याने आजवर कधी उत्तर दिलं नव्हतं, उत्तर द्यायचं ते मालकाने. बायकोनेही गंभीर चेहऱ्याने, सकाळपासून अर्धी पोळी खाल्ली, असं सांगितलं. "वजन किती?" त्यांनी पुन्हा तिलाच विचारलं. औषधाचं मोजमाप ते अंदाजाने बैलाच्या हिशेबात धरतील या भीतीनेच माझा ताप उतरला असावा.

त्यांची सगळी विद्या कानात होती. म्हैस फाटकाच्या आत उभी असायची आणि हे बाहेरूनच तिच्या श्वासावरून सांगायचे, की फुफ्फुसात कफ आहे की पोटात खिळा. नागभीडला नात्यातल्या एका मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना साडभाऊंनी मान एकदम एका बाजूला कलती केली आणि हातातल्या अक्षता तशाच घेऊन मांडवाच्या मागे निघून गेले. तिकडे जनरेटरवाला बिडी ओढत बसला होता. "तहानेनं मरून राह्यली ते, अन् तू बिडी पेतं," असं म्हणून त्यांनी त्याला पाणी आणायला पिटाळलं. रेडिएटर खरंच कोरडा पडला होता. शुभमंगल सावधान झालं तेव्हा साडभाऊ जनरेटरजवळच होते. हातातल्या अक्षता त्यांनी जनरेटरवरच टाकल्या, आणि नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायचे राहिले ते अजून राहिलेच आहेत.

त्यांची जीप हा तर कुटुंबातला स्वतंत्र विषय. ज्या सरकारी जीपमधून ते गावोगाव फिरले, ती मोडीत निघाली तेव्हा लिलावात त्यांनीच ती घेतली. म्हाताऱ्या गाईला कसायाच्या दावणीला बांधतात काय, हा त्यांचा सवाल. जीप चालायची, पण तिच्या मनाने. चढावर सायकलवाले तिला मागे टाकताना मागे वळून नमस्कार करत. तिच्या आत फिनेल, शेण आणि पोटफुगीचं औषध यांचा जो वास मुरला होता तो कुठल्याही साबणाने गेला नाही. म्हणून ताई, म्हणजे त्यांची बायको, तिच्यात कधी बसली नाही. लग्नाकार्याला साडभाऊ जीपने निघत आणि ताई एसटीने, आणि ताई नेहमी आधी पोचलेली असे.

आता टर्बोचं. पुष्कळ वर्षांपूर्वी मी त्यांच्याबरोबर त्याच जीपमधून मूलहून चंद्रपूरला येत होतो. चिचपल्लीच्या अलीकडे, दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल लागतं तिथे, एक पिकअप आमच्या बाजूने सुर्रकन पुढे गेली, आणि जाताना तिच्या इंजिनातून एक बारीक, लांब, वर वर चढत जाणारी शिट्टी आली. साडभाऊंनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद करून बसून राहिले. मला वाटलं वाघ दिसला. "ऐकलं तुमी?" ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी मला टर्बो समजावून सांगितला. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो त्याच्या जोरावर एक छोटं चक्र फिरतं, आणि ते चक्र बाहेरची जादा हवा इंजिनात कोंबतं. चक्र वेगात आलं की शिट्टी वाजते. "आपण श्वास सोडतो तो वाया जाते," ते म्हणाले. "हे जनावर सोडलेल्या श्वासावर पुढचा श्वास घेते. एवढी हुशार जात मी अजून पाह्यली नाई." त्या दिवसापासून ती शिट्टी त्यांच्या डोक्यात राहिली. संसार, बदल्या, मुलींची लग्नं या सगळ्यातून ती वाट काढत राहिली, आणि चार माणसांत गाड्यांचा विषय निघाला की साडभाऊ डोळे मिटून ती ओठांनी वाजवून दाखवत. ती पुष्कळशी पोपटासारखी वाजे, पण आम्ही माना डोलावत असू.

गेल्या हिवाळ्यात चंद्रपूरच्या काही हौशी लोकांनी गाड्यांचा मेळावा भरवायचं ठरवलं. जुन्या गाड्या, नवीन रूप दिलेल्या गाड्या, नागपूर-यवतमाळकडचे लोकही येणार. त्यांना साडभाऊंच्या जीपची कीर्ती कुठून तरी कळली आणि बोलावणं आलं. साडभाऊंनी दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी जाहीर केलं, की मेळाव्याला जीप जाईल, पण नव्या काळजानं जाईल. आठवड्याभरात नागपूरच्या भंगार बाजारातून एका ठोकर लागलेल्या गाडीचं टर्बो डिझेल इंजिन गोणपाटात गुंडाळून मूलला आलं. ताईने दारातच ते अडवलं. मला वाटलं आता भांडण. तिने गोणपाट बाजूला सारून इंजिनाला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाली, "घरात आली आहे तं रीतीनं येऊ द्या. पण माह्या अंगणात तेल सांडलं तं दोघायलेही बाहेर काढीन."

अंगणातल्या आंब्याच्या फांदीला इंजिन उचलायची चैनकप्पी टांगली गेली. बसस्टँडमागच्या गॅरेजचा मिस्त्री हे काम करायला आला. तो अबोल, सोशिक आणि साडभाऊंना घाबरणारा होता. लहानपणी त्याच्या घरच्या बैलाला साडभाऊंनी वाचवलं होतं. मीही सुट्टी काढून गेलो. माझं काम मुख्यतः पाने हातात देणं आणि चुकीचा पाना दिल्याबद्दल ऐकून घेणं. जुनं इंजिन साखळीवर वर उचललं तेव्हा साडभाऊंनी त्याला हात लावून डोळे मिटले. "लई चाकरी केली," एवढंच म्हणाले. नव्या इंजिनाला मात्र जीप आपली म्हणायला तयार नव्हती. इंजिन आणि गिअरबॉक्सची भोकं जुळेनात, मध्ये बसवायला लोखंडाची जाड चकती लेथवर करून आणावी लागली. इंजिन ज्या पायांवर बसतं ते पाय कापून पुन्हा जोडावे लागले. रेडिएटर पुढे सरकला, आणि टर्बोची हवा थंड करायची जाळी कुठे बसवावी यावर दोन दिवस वाद झाला. आरटीओची परवानगी आली. प्रत्येक नटाला साडभाऊ आधी गोंजारत आणि मग आवळत. मिस्त्री अधूनमधून माझ्याकडे बघे, आणि मी आंब्याकडे बघे.

अखेर एका सकाळी इंजिनाला चावी लावली. ते एकदा खोकलं, पुन्हा खोकलं आणि सुरू झालं. ताई हातातलं सूप घेऊन बाहेर आली. साडभाऊ चालवायला बसले, मिस्त्री शेजारी आणि मी मागे. सावलीच्या रस्त्याला लागलो आणि साडभाऊंनी पाय दाबला, तशी ती म्हातारी जीप अशी काही झेपावली की मी मागच्या फळीवर आपटलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या जीपने एसटीला मागे टाकलं. आणि इंजिनातून ती शिट्टी निघाली. बारीक, लांब, वर वर चढत जाणारी, जशी मी त्या दिवशी जंगलात ऐकली होती अगदी तशी. मी साडभाऊंचा चेहरा बघायला पुढे वाकलो, तर त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. त्यांनी गाडी थांबवली.

"ताकद आहे," ते म्हणाले. "पण शिट्टी नाई."

मिस्त्री गोंधळून म्हणाला, "वाजून राह्यली ना, साहेब."

"वाजत असती तं मले आली नसती ऐकू? माह्या कानाले शिकवतं तू?"

मीही चाचरत "मला आली वाटतं" असं काहीतरी म्हणालो, तर ते म्हणाले, "साडभाऊ, तो वारा." मला स्कूटर आणि म्हैस यांतला फरक आवाजावरून कळत नाही, असं त्यांचं जुनं मत होतं, त्यामुळे माझी साक्ष तिथेच निकालात निघाली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. टर्बो खोलला, पुसला, पुन्हा बसवला. पाइपांवर साबणाचं पाणी सोडून हवा कुठे गळते का पाहिलं. कुठेच गळत नव्हती. प्रत्येक वेळी साडभाऊ रस्त्यावर फेरी मारून यायचे आणि उतरताना मान हलवायचे. पानठेल्यावरची माणसं आपसांत म्हणत, डॉक्टरसाहेबांच्या गाडीची शिट्टी काय भारी आहे. आणि साडभाऊ नागपूरच्या भंगारवाल्याला फोनवर ऐकवत, की तू मला मुका टर्बो विकला. शेवटी त्यांनी मिस्त्रीला म्हटलं, की तू मन लावून काम केलं नाहीस. मिस्त्रीने पाने पोत्यात भरले. जाताना त्याने मला फाटकाबाहेर बोलावलं. "भाऊ, मी आता येत नाई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "त्याईनं मले मारलं असतं तरी चाललं असतं." इकडे साडभाऊंनी जीपवर ताडपत्री टाकली आणि मेळाव्याला जाणार नाही असं सांगून आत जाऊन बसले.

मी स्वयंपाकघरात गेलो. ताई भात लावत होती आणि साडभाऊ तिथेच पाटावर बसून शेंगा सोलत होते. कुकरची शिट्टी झाली, भिंत हादरेल अशी. साडभाऊ शेंगा सोलत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कुकर अजून नाई झाला?" ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. साडभाऊ उठून हात धुवायला गेले.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"दोन पावसाळे झाले," ती म्हणाली. "ढोर हंबरलेलं येते ऐकू, ट्रक येते. बारीक आवाज तेवढे गेले. पाखरं बोलत नाईत म्हणते, जंगल कमी झालं म्हणते. मी हो म्हणतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने गॅस बंद केला. "ज्या माणसाची सारी विद्या कानात, भाऊजी, त्याले कोणत्या तोंडानं सांगू?"

तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "ताडपत्री काढा. मले चक्कर मारून आणा म्हणा."

ताई जीपमध्ये बसणार हे ऐकून साडभाऊ इतके दचकले, की नाही म्हणायचं विसरले. त्यांनी शेजारची सीट दोनदा पुसली. ताई नाकाला पदर न लावता बसली, मी मागे बसलो. धान कापून झालं होतं आणि मोकळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वावरांत, गुरं सोडलेली होती. रस्त्याच्या कडेला एक मोठा कळप चरत होता. साडभाऊंनी सवयीने वेग कमी केला, गुरांजवळून ते नेहमी असेच हळू जात. एकाही गाईने मान वर केली नाही. मूलच्या गाई गाड्यांना सरावलेल्या असतात. कळप मागे पडला तेव्हा ताई म्हणाली, "आता दाबा जरा." त्यांनी पाय दाबला. शिट्टी वाजली. आणि साडभाऊ आरशात बघत होते, तर मागे पडलेल्या गाईंनी माना वर केल्या होत्या.

त्यांनी जीप थांबवली, वळवली, आणि पुन्हा कळपाजवळून नेली, या वेळी गिअर खाली टाकून, जोर देऊन. बाजूला चरणाऱ्या गाईंचे कान एकामागून एक आमच्याकडे वळले. जीप पुढे गेली तसे ते कानही तिच्यामागे फिरत गेले. साडभाऊंनी पुन्हा वळवलं. पाय हलका ठेवला, तर कान खाली. दाबला, तर कान वर. एक लहान गोऱ्हा तर तोंडातला चारा तसाच ठेवून उभा राहिला.

साडभाऊंनी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. ते स्टीअरिंगवर हात ठेवून गाईंकडे बघत होते. आमच्यापैकी कोणीही काही सांगितलं असतं तर त्यांनी मानलं नसतं. पण गुरांच्या कानांवर त्यांचा आयुष्यभराचा विश्वास होता.

"वाजून राह्यली," ते म्हणाले.

"हो," ताई म्हणाली.

"केव्हापासून?"

ते टर्बोबद्दल विचारत नव्हते, हे तिला कळलं. "झाले दिवस," ती म्हणाली.

"म्हणजे पाखरं बोलते अजून."

"बोलते. सकाळी लई कलकल करते."

साडभाऊंनी मान खाली घातली. मी मागे बसून बांधीकडे बघत राहिलो. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि जीप सुरू केली, पण घराकडे नेली नाही. बसस्टँडमागच्या गॅरेजपाशी नेली. मिस्त्री एका ट्रॅक्टरखाली होता. साडभाऊ धोतर-बंडीची पर्वा न करता खाली वाकले आणि ट्रॅक्टरखालच्या त्या माणसाला म्हणाले, "बाबू, टर्बो चांगला आहे. मीच बहिरा झालो. उद्या चंद्रपूरले चाल." मिस्त्री बाहेर आला. त्याने आपल्या काळ्या हातांनी साडभाऊंचे पाय धरले आणि साडभाऊंच्या पांढऱ्या धोतरावर दोन पंजे उमटले. दुसऱ्या दिवशी मेळाव्याला ते तेच धोतर नेसून आले. ताईने पुष्कळ सांगूनही बदललं नाही.

मेळाव्यात चकचकीत गाड्यांची रांग होती. कोणाच्या चाकांचं रबर जेमतेम बोटभर, कोणाचा धूर काढायचा पाइप शेणाच्या बादलीएवढा. आमची जीप त्यांच्यात लग्नात आलेल्या लांबच्या मामासारखी उभी होती. पण साडभाऊंनी इंजिनाला जोर दिला आणि सगळी तरुण मंडळी तिच्याभोवती जमली. "काका, शिट्टी जबरदस्त आहे," एकाने म्हटलं. साडभाऊ शांतपणे म्हणाले, "हो, म्हणते बा." पोरांनी पुन्हा पुन्हा वाजवायला सांगितलं आणि साडभाऊंनी पुन्हा पुन्हा वाजवली. वाजवताना ते इंजिनाकडे बघत नव्हते. त्या पोरांच्या तोंडाकडे बघत होते. प्रत्येक वेळी त्यांचे चेहरे उजळत, आणि त्या उजेडावरून साडभाऊ शिट्टी कुठून सुरू झाली, किती चढली आणि कुठे उतरली ते समजून घेत होते. कुणी काम कोणी केलं असं विचारलं की ते मिस्त्रीला दंड धरून पुढे करत. बक्षीस दुसऱ्याच गाडीला मिळालं. ते कळायला त्यांना जरा वेळ लागला, आणि कळल्यावरही त्यांनी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

परतीच्या वाटेवर जंगल लागलं तेव्हा ऊन उतरलं होतं. मिस्त्री माझ्या शेजारी मागे झोपला होता. रस्ता मोकळा मिळाला आणि साडभाऊंनी पाय दाबला. समोर बघतच त्यांनी विचारलं, "आली काय?"

"आली," ताई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "चढून राह्यली." आणि मग, "उतरली."

त्यानंतर ताईने त्यांना चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं आणि कानात बसवायचं यंत्र आणलं. यंत्र चांगलं आहे. फोन ऐकू येतो, कुकर ऐकू येतो, सकाळची पाखरं ऐकू येतात. पहिल्या सकाळी ते अंगणात इतका वेळ उभे होते, की चहा थंड झाला. गल्लीतले कूलर आणि मिक्सर पुन्हा तपासायला येऊ लागले आहेत. आता दोघं कुठेही जीपनेच जातात. आम्ही कधी बरोबर असलो तर मागे बसतो. तो जंगलातला पट्टा यायच्या जरा आधी साडभाऊ एका हाताने कानातलं यंत्र काढतात आणि बंडीच्या खिशात ठेवतात. ताई ते बघते. मग ते पाय दाबतात आणि विचारतात, "आली काय?"

"आली," ती सांगते.